प्लॅनवरून विमानाचे मॉडेल बांधणे

तयार किट न घेता, छापील आराखड्यावरून बाल्सा (अतिशय हलके लाकूड), प्लायवूड किंवा फोमबोर्ड कापून उडते मॉडेल उभे करणे म्हणजे 'स्क्रॅच बिल्ड'. आराखड्याला सगळे प्लॅनच म्हणतात. त्यात सांगाडा, रिब (पंखाच्या आडव्या फासळ्या) व फॉर्मरचे (धडाला आकार देणाऱ्या आडव्या चौकटी) आकार, लाकडाची जाडी आणि गुरुत्वमध्याची (सीजी) खूण हवी. विमानाचे नुसते तीन बाजूंचे चित्र बांधणीला पुरत नाही.

जुन्या मासिकांतले प्लॅन आउटरझोन या संकेतस्थळावर फुकट मिळतात, फोमबोर्डचे फ्लाइट टेस्ट या संकेतस्थळावर. पहिल्यांदा बांधणाऱ्याने वर पंख असलेला, 40 ते 50 इंच पंखविस्ताराचा ट्रेनर (शिकाऊंसाठीचे मॉडेल) निवडावा. स्केल मॉडेल (खऱ्या विमानाची प्रमाणबद्ध प्रतिकृती) करायचे असेल तर गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक, अलिझे, सी हॅरियर ही नौदलाची विमाने प्रत्यक्ष पाहून प्लॅनवरचे बारकावे ताडता येतात.

सर्वाधिक नासाडी छपाईत होते. पणजी, मडगावसारख्या शहरांत आर्किटेक्टांची ड्रॉइंग काढणाऱ्या दुकानातून ए-झीरो (841 × 1189 मिमी) कागदावर प्रिंट घ्यावी आणि 'फिट टू पेज' बंद करून 100 टक्क्यांवरच काढायला सांगावे. प्रिंट 3 टक्के आखडली तर 48 इंच पंखविस्ताराच्या मॉडेलचा अर्धा पंख 610 ऐवजी 592 मिमी भरतो, रिबमधल्या खाचाही आखडतात आणि 1/8 इंची स्पार (पंखाची लांब आधारपट्टी) आत जात नाही. म्हणून दुकानातच पट्टी लावावी, तीही आडवी आणि उभी दोन्हीकडे, कारण जुन्या कागदाचे स्कॅन एकाच दिशेला ताणलेले असू शकते. प्लॅन मुद्दाम मोठा केला तर खाचा हाती असलेल्या लाकडाच्या जाडीने नव्याने आखाव्यात. 1/16 इंच म्हणजे 1.6 मिमी, पण बाजारात 1.5 मिमीचा बाल्सा मिळतो. एवढा फरक रिबला चालतो.

बऱ्याच प्लॅनवर एकच पंख काढलेला असतो. तोच दोनदा बांधला की दोन डावे पंख हाती येतात. दुसऱ्यासाठी उलटी (मिरर) प्रिंट काढावी, किंवा कागदाला मागून हलके तेल चोळावे म्हणजे रेषा पाठीमागून दिसतात. सपाट सॉफ्टबोर्डवर प्लॅन, त्यावर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक, मग टाचण्या लावून स्पार, रिब, लीडिंग एज (पंखाची पुढची कड) या क्रमाने जोडणी करावी. प्लॅस्टिक विसरले तर पंख कागदासकट चिकटतो.

गोव्यातल्या पावसाळ्याचा हिशेब वेगळा. दमट हवेत प्लॅनचा कागद फुगतो, म्हणून सगळ्या रिब एकाच पत्र्याच्या किंवा प्लायच्या साच्यावरून कापाव्यात. फेविकॉल सुकायला वेळ लागतो, त्यामुळे पंख रात्रभर टाचलेलाच ठेवावा. घाईने उचलला की पीळ बसतो आणि उड्डाणात मॉडेल एका बाजूला कलते. सायनो गोंद (सुपरग्लू) उलट ओलाव्यानेच आवळतो. उघडलेली बाटली बाहेर राहिली तर आतच घट्ट होते. ती सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावी.

बरेच जुने प्लॅन पेट्रोल किंवा ग्लो (मिथेनॉल इंधनाच्या) इंजिनासाठी आखलेले असतात. इलेक्ट्रिक मोटर त्याहून हलकी असल्यास नाक हलके पडते. म्हणून बॅटरी फायरवॉललगत (नाकातली मोटर बसवायची फळी), वरून झाकण उघडून काढता येईल अशी बसवावी. सीजी प्लॅनवर दिला नसेल तर साध्या सरळ पंखाच्या ट्रेनरला लीडिंग एजपासून जीवेच्या (कॉर्ड) 25 ते 30 टक्क्यांवर, म्हणजे 200 मिमी जीवेला 50 ते 60 मिमीवर धरावा. शेपटी जड ठेवून उडवलेले मॉडेल सहसा पहिल्याच फेरीत पडते. दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ असल्याने उडवण्याची जागा ठरवताना डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशातला झोन आधी पाहावा.