ओवीखाली नाव आलं कधी?

जात्यावर बसलं की ओवी सुचते, अशी म्हण आहे. काम अंगावर पडलं की माणसाला आपोआप जमतं, अशा अर्थानं आपण ती वापरतो. ओव्या गोळा करायला ज्यांनी खेडी पालथी घातली, त्यांना मात्र ती शब्दशः खरी निघाली. ओसरीवर बसून वही उघडली आणि म्हाताऱ्या मावशींना 'एखादी ओवी सांगा' म्हटलं, की त्या पदर सारखा करत म्हणणार, आता कुठं आठवतंय. त्याच मावशींचा हात खुंट्याला लागला की एकीमागून एक ओवी निघते, आणि थांबवायला आपल्यालाच सांगावं लागतं. ओवी डोक्यापेक्षा हातात जास्त राहते. म्हणून ती जपायची म्हणजे नेमकं काय जपायचं, हा प्रश्न संग्राहकांना पहिल्यापासून पडला आणि प्रत्येक पिढीनं त्याचं उत्तर वेगळं दिलं.

लेखी उल्लेखांपुरतं बोलायचं तर ओवी फार जुनी. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, असं म्हटलं आहे. ग्रंथाचा काळ 1129 च्या सुमाराचा. तिथं शब्द कांडण्याचा आहे, दळण्याचा नाही. म्हणजे मुसळ हातात असतानाही ओवी होतीच. पुढे ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये गीतेवरची टीका ओवीतच रचली. ती साडेतीन चरणांची, वाचायची, ग्रंथातली ओवी. बायकांची ओवी बहुतेकदा दोन ओळींची आणि गळ्यातली. एकीच्या प्रतींवर प्रती झाल्या, पाठभेद तपासले गेले, पारायणं झाली. दुसरी मात्र रोज पहाटे म्हटली जायची आणि दळण सरलं की तिथंच विरायची. सहाशे-साडेसहाशे वर्षं ती उतरून घ्यावी असं फारसं कोणाला वाटलं नाही. ज्यांना लिहिता येत होतं ते त्या वेळी झोपलेले असत, हेही एक कारण असेल.

पहाटेच का, तर भाकरीमुळे. बाजरीचं पीठ चार दिवसांत कडवट होतं, ज्वारीचंही शिळं चांगलं लागत नाही. त्यामुळे घरात खाणारी तोंडं असतील तितकं रोज दळावंच लागे, आणि तेही सकाळच्या बाकीच्या कामांआधी. उजव्या हातानं खुंटा फिरवायचा, डाव्यानं जात्याच्या तोंडात मूठमूठ वैरण, म्हणजे दाणे, टाकायची. दगड गुळगुळीत झाला की पीठ जाड पडतं, मग टाकी लावून तो पुन्हा खरखरीत करणाऱ्याची वाट बघायची. दोघी समोरासमोर बसल्या तर जातं हलकं जायचं; जावाजावा, नणंदभावजया, मायलेकी. सासूबद्दल दिवसा उघड बोलता येत नसे ते जात्याच्या घरघरीत बोलता यायचं, कारण ऐकणारीही दळतच असायची. जात्याला दैवत मानून त्याच्याशीच गूज केलेल्या ओव्या ढिगानं सापडतात त्या यामुळेच.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या ओव्या कागदावर यायला लागल्या. साने गुरुजींनी त्या गोळा केल्या आणि 1940 च्या सुमारास 'स्त्री जीवन' या नावानं त्यांचा संग्रह छापून आला. आई, भाऊबहीण, माहेर, बाळ असे विषय पाडून ओव्या लावलेल्या, मधेमधे गुरुजींचं जिव्हाळ्यानं भरलेलं निरूपण. मराठी मध्यमवर्गीय घरांत ओवी वाङ्मय म्हणून पोचली ती बरीचशी या पुस्तकामुळे. कमलाबाई देशपांडे यांनी आपल्या पुस्तकाला 'अपौरुषेय वाङ्मय अर्थात स्त्रीगीते' असं नाव दिलं. अपौरुषेय म्हणजे वेदांसारखं, कोणा माणसानं न रचलेलं. आणि पुरुषानं न रचलेलंही. शीर्षकातच केलेली इतकी चलाख कोटी मराठी संशोधनात विरळाच.

पण त्या कोटीत एक अडचणही लपलेली आहे. कोणीच रचलेलं नाही म्हटलं की गाणारीला विचारायचं कारण उरत नाही. त्या काळच्या संग्रहांत ओवी कुठल्या तालुक्यातली, गाणारी कोण, तिची जात कोणती, तिला जमीन किती, हे सहसा नसतं. चालीची नोंद तर जवळपास नाहीच. ओवी 'लोकां'ची, आणि लोक म्हणजे सगळे, म्हणजे कोणीच नाही. याच काळात बहिणाबाई चौधरींचं उलटं उदाहरण घडलं. खानदेशात जात्याला घरोटा म्हणतात, आणि त्या घरोट्यावर, शेतात, चुलीपुढं त्यांनी रचलेली गाणी मुलानं, सोपानदेवांनी, उतरून ठेवली होती. बहिणाबाई 1951 च्या डिसेंबरमध्ये गेल्या, आणि आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानं 1952 मध्ये पुस्तक निघालं. त्यांचं नाव राहिलं, कारण घरात लिहिणारा मुलगा होता आणि त्याची छापणाऱ्यांशी ओळख होती. बहिणाबाईंच्या प्रतिभेला यानं काही उणेपणा येत नाही. पण शेजारच्या घरात कोण गात होतं, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारनंही यात लक्ष घातलं. महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समिती झाली आणि सरोजिनी बाबर यांनी तिच्या अध्यक्षा म्हणून संपादनाचा डोंगर उपसला. बागणीसारख्या सांगलीकडच्या गावातून आलेल्या, आमदार आणि पुढे राज्यसभेच्या खासदार झालेल्या या बाईंना ओवी अभ्यासातून शिकावी लागली नव्हती. 'समाज शिक्षण माला' ही त्यांच्या घरचीच, स्वस्त पुस्तिकांची चळवळ. त्या पुस्तिका आजही जुन्या ग्रंथालयांत मागच्या कपाटात सापडतात: सणवार, उखाणे, पाळणे, दागिने, खाद्यपदार्थ, सगळं. दुर्गा भागवतांनी याच सुमारास, 1956 मध्ये, 'लोकसाहित्याची रूपरेखा' लिहून या विषयाला शास्त्राची शिस्त हवी असं बजावलं. गोड गोड म्हणून जमवणं त्यांना पुरेसं वाटत नव्हतं.

खरं वळण आलं ते लोकसाहित्याच्या बाहेरून. 1980 च्या दशकात पुण्याच्या पश्चिमेला, मुळशी-मावळच्या डोंगराळ पट्ट्यात गरीब डोंगरी संघटना काम करत होती. हेमा राईरकर आणि फ्रान्समधून 1970 च्या दशकात पुण्यात येऊन इथलेच झालेले गी प्वातवाँ हे दोघं त्यात होते. मुळशी म्हटलं की टाटांच्या धरणाविरुद्धचा 1921 चा सत्याग्रह आणि सेनापती बापट आठवतात. बुडालेल्या जमिनींचा आणि डोंगरावर ढकललेल्या माणसांचा हा मुलूख. इथं बायकांच्या बैठका होत. आपल्या आयुष्याबद्दल बोला म्हटलं की बायका चाचरत, आणि बोलायचं ते ओवीत म्हणत. कार्यकर्त्यांना आधी हवी होती ती गाऱ्हाणी, समोर आल्या त्या ओव्या. मग लक्षात आलं की गाऱ्हाणं हेच आहे, आणि फक्त गाऱ्हाणंच नाही.

तिथून जमवण्याची पद्धतच बदलली. गावोगाव फिरणाऱ्यांत संघटनेच्या कार्यकर्त्या होत्या, ज्या स्वतः दळत मोठ्या झालेल्या. ओवीसोबत गाणारीचं नाव, गाव, तालुका, जात, वय, मुलं किती, काम काय, याची नोंद व्हायला लागली. एकच ओवी दहा गावांत दहा शब्दांनी बदलून आली तर दहाही पाठ ठेवले, 'शुद्ध' एक निवडून बाकीचे टाकले नाहीत. माझ्या मते या सगळ्या कामातला हा सर्वांत शहाणा निर्णय. एका गावातली बाई जिथं 'भाऊ' म्हणते तिथं दुसरी 'बाबासाहेब' म्हणते, आणि त्या एका शब्दाच्या फरकात दोन वस्त्यांचा इतिहास असतो. हजाराहून जास्त गावांतून एक लाखाच्या वर ओव्या उतरल्या. राईरकरांनी त्यांची विषयवार उतरंड रचली: सीतेचा वनवास, लेकीचा जन्म, सासुरवास, पंढरीची वाट, शेतीभाती. पुण्यातल्या 'सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस' या त्यांच्या संस्थेत हा साठा राहिला. त्यावर दोघांनी लिहिलेल्या पुस्तकांत 1996 चं 'स्टोनमिल अँड भक्ती' ओव्यांमधल्या भक्तीचा थेट शोध घेणारं.

तरी शब्द म्हणजे अर्धीच ओवी. छापलेल्या दोन ओळी वाचायला दहा सेकंद लागतात. गाताना तीच ओवी कितीतरी फेरे चालते. अर्धी ओळ पुन्हा येते, शब्द मधेच तुटून पुढच्या फेऱ्यावर जातो, 'बाई', 'गं', 'सांगते तुला' अशा भरीच्या शब्दांनी श्वास सांभाळला जातो. चालीला बायका 'गळा' म्हणतात, आणि गावागावाचा गळा वेगळा. हे वहीत कसं धरणार? 1990 च्या दशकात बर्नार्ड बेल हे फ्रेंच संगणकतज्ज्ञ आणि संगीत-अभ्यासक या कामात आले. तबल्याच्या बोलांसाठी संगणकाचा प्रोग्रॅम लिहिलेला हा माणूस. त्यांनी ओव्यांचा डेटाबेस बांधला आणि 120 तासांहून जास्त ध्वनिमुद्रण केलं. एप्रिल 1996 मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात ध्वनिमुद्रण झालं, त्यात डॉ. आंबेडकरांवरच्या ओव्या आहेत. देवाच्या जागी घटनाकार, पंढरीच्या जागी नागपूर. जातं तेच, गळा तोच.

तोवर घरोघरची दगडी जाती फिरायची थांबली होती, हे या गोष्टीतलं खरं दुखणं. पिठाची गिरणी तालुक्याहून मोठ्या गावात, तिथून वाडीपर्यंत पोचली आणि बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तो टाकायलाच हवा होता. पहाटे उठून पायली-पायली दळणाऱ्या बाईला कला जपण्याचं ओझं शहरातल्या माणसानं सांगू नये. त्यामुळे ध्वनिमुद्रणाच्या वेळी कित्येक ठिकाणी परड्यात पडलेलं जातं धुऊनपुसून मांडावं लागे, मूठभर धान्य फक्त हाताला वळण सापडावं म्हणून. त्या फितींत जात्याची घरघर आहे, पण पीठ कुणाला नको होतं.

2004 मध्ये प्वातवाँ गेले, त्यानंतर काही वर्षांत राईरकरही. फितींच्या प्रती गुरुग्रामच्या लोकसंगीत अभिलेखागारात आणि फ्रान्समध्ये पोचल्या होत्या. म्हणजे मावळातली ओवी फ्रान्समधल्या संगणकावर सुरक्षित, आणि मावळातल्या नातीला मात्र ती ऐकायची सोय नाही, अशी काही वर्षं गेली. हा साठा पुढे 'पारी', म्हणजे पत्रकार पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'कडे आला आणि मार्च 2017 पासून ओव्या आवाजासह, मराठी-इंग्रजी मजकुरासह सगळ्यांना खुल्या झाल्या. मूळ गटात राईरकरांबरोबर काम केलेले जितेंद्र मैड त्यातही होते. या मंडळींनी जुन्या नोंदींतली गावं पुन्हा गाठली. वीस वर्षांपूर्वीच्या नावापुढं आता फोटो हवा होता.

काही गायिका तोवर गेल्या होत्या. ज्या होत्या त्यांच्यातल्या काहींना ओव्या आठवेनात, मग कुणी कोपऱ्यातलं जातं ओढून आणलं. आता गावात ते निघतं बहुतेक लग्नाच्या हळदीला; पाच सुवासिनी खुंट्याला हात लावतात, दोन फेरे घेतात, मोबाइलवर फोटो निघतो. दोन ओव्या येणारी एखादी आजी त्यांत असली तर तिला जवळ बसवतात. ती 'पहिली माझी ओवी' पासून सुरू करते, आणि तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला तिचा गळा लागतो.