भिंतीवर पूर्ण होणारे यंत्र

घरात येणारी बहुतेक यंत्रे कारखान्यातूनच पूर्ण होऊन येतात. फ्रीजचे उदाहरण घ्या: त्याच्या आतील गॅसचे मंडल कारखान्यात झाळून बंद केलेले असते, त्यामुळे घरी आल्यावर विजेची पिन लावली की काम संपते. स्प्लिट एसी मात्र दोन खोक्यांतून येतो आणि त्याच्या दोन भागांना जोडणाऱ्या तांब्याच्या नळ्या प्रत्यक्ष जागेवर मापून, कापून, वाकवून जोडाव्या लागतात. यंत्राच्या निर्मितीतील शेवटचा आणि सर्वांत नाजूक टप्पा अशा रीतीने शिडीवर उभ्या असलेल्या तंत्रज्ञाच्या हाती येतो. त्या दोन-तीन तासांत जे घडते, त्यावर पुढील दहा वर्षांचे वीजबिल, गारवा आणि कॉम्प्रेसरचे आयुष्य बऱ्याच अंशी ठरते. म्हणून बाहेरचे युनिट बसवण्याचे काम त्यामागच्या विज्ञानासह समजून घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

एसी थंडी निर्माण करत नाही. खोलीतील उष्णता उचलून तो बाहेर नेऊन टाकतो. आतील युनिटच्या नळ्यांत कमी दाबाखालील द्रवरूप शीतक (ज्याला आपण एसीचा ‘गॅस’ म्हणतो) साधारण १० अंश सेल्सिअसला उकळते आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता खोलीतील हवेकडून घेते. झालेली वाफ बाहेरच्या युनिटमधील कॉम्प्रेसर दाबतो, तिचा दाब आणि तापमान चढते, आणि बाहेरच्या हवेपेक्षा ती अधिक गरम झाल्यामुळे कंडेन्सरच्या, म्हणजे बाहेरच्या युनिटमधील नळ्यांत आपली उष्णता सोडून पुन्हा द्रव होते. १८३४ साली जेकब पर्किन्स यांनी ज्या बाष्पसंपीडन चक्राचे पेटंट घेतले, तेच चक्र आजही आपल्या भिंतीवर फिरत आहे.

या चक्राचा हिशोब सोपा असला, तरी तो बहुधा कोणी मांडून दाखवत नाही. एक टन म्हणजे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जितक्या दराने उष्णता शोषतो तितकी क्षमता, म्हणजेच सुमारे ३.५ किलोवॉट. दीड टनाचा एसी पूर्ण क्षमतेने चालतो तेव्हा खोलीतून सुमारे ५.३ किलोवॉट उष्णता उचलतो. कॉम्प्रेसर आणि पंख्याला लागणारी दीड किलोवॉटच्या आसपासची वीजही अखेर उष्णताच होते. बाहेरच्या युनिटने अशी जवळजवळ ७ किलोवॉट उष्णता हवेत सोडायची असते, तीही एका लहान कपाटाएवढ्या आकारमानातून. सात मोठ्या इस्त्र्या एकत्र तापवून ठेवल्यासारखीच ही गोष्ट आहे.

ही उष्णता वाहून नेण्याचे एकमेव साधन म्हणजे हवा. अशा युनिटचा पंखा तासाला दोन ते तीन हजार घनमीटर हवा मागच्या आणि बाजूच्या पातळ पात्यांमधून ओढतो आणि समोरून फेकतो. तेवढ्या हवेत ७ किलोवॉट उष्णता मिसळली की बाहेर पडणारी हवा आत आलेल्या हवेपेक्षा आठ-दहा अंशांनी गरम होते. समोर हात धरला तर हा फरक लगेच जाणवतो. आता हे युनिट इमारतीच्या अरुंद डक्टमध्ये, म्हणजे उभ्या पोकळीत बसवले, समोर दाट जाळी लावली किंवा त्याचे तोंड जवळच्या भिंतीकडे केले, तर फेकलेली गरम हवा वळून पुन्हा मागच्या पात्यांत शिरते. बाहेर ३५ अंश तापमान असताना त्या युनिटपुरते ४५ अंश होतात, आणि हा फेरा चालूच राहतो.

त्याची किंमत किती, हे ऊष्मागतिकीच्या नियमावरून काढता येते. बाहेर ३५ अंश असताना शीतकाला हवेपेक्षा गरम राहून उष्णता सोडावी लागते; ती १० अंशांवर उचलून ४५ अंशांवर सोडायची असेल, तर आदर्श यंत्र विजेच्या एका एककामागे उष्णतेची ८.१ एकके हलवू शकते. कोंडलेल्या ४५ अंशांच्या हवेमुळे तीच उष्णता ५५ अंशांवर सोडावी लागली, तर ही मर्यादा ६.३ वर येते. प्रत्यक्षातील यंत्रे या मर्यादेच्या बरीच खाली काम करतात, पण उतार साधारण असाच असतो: दहा अंशांच्या कोंडीमुळे कार्यक्षमता सुमारे एकपंचमांशाने घटते. वीज जास्त जाते, गारवा कमी मिळतो आणि कॉम्प्रेसर सतत चढ्या दाबाखाली राबतो. उंच इमारतीच्या एकाच डक्टमध्ये मजल्यामागून मजला युनिटे लावलेली असतात, तेव्हा वरच्यांचे हाल याच कारणाने होतात, कारण खालच्या सगळ्यांची गरम हवा वर चढत जाते.

येथे एका समजुतीबद्दल थोडे सविस्तर लिहितो. बाहेरच्या युनिटवर ऊन पडू नये म्हणून लोक त्याला छप्पर करतात, ताडपत्री बांधतात, कधी चारी बाजूंनी पत्राही ठोकतात. युनिटच्या उन्हाकडील बाजूचे क्षेत्रफळ अर्ध्या चौरस मीटरच्या आसपास असते आणि प्रखर ऊन चौरस मीटरला सुमारे हजार वॉट देते. काही ऊन परावर्तित होते, तर काही तिरपे पडते. उन्हाने युनिटवर पडणारा बोजा अशा प्रकारे दोन-तीनशे वॉटचा निघतो, आणि युनिट स्वतः सोडत असलेली उष्णता सात हजार वॉट असते. सावली असेल तर उत्तमच, पण त्या सावलीसाठी हवा अडली तर दोन-तीनशे वॉट वाचवताना कितीतरी अधिक गमावले जाते. मागे दहा ते तीस सेंटिमीटर आणि समोर मीटरभर किंवा अधिक मोकळी जागा, असे आकडे उत्पादकांच्या पुस्तिकांत दिलेले असतात. मॉडेलनुसार ते बदलतात, म्हणून आपल्या युनिटची पुस्तिका काम सुरू होण्यापूर्वी उघडावी.

स्टँडबद्दल थोडक्यात. युनिटचे वजन तीस-चाळीस किलो भरते आणि त्यात कॉम्प्रेसर एका बाजूला असल्याने भार समान नसतो. अँकर बोल्ट गिलाव्यात नव्हे, तर पक्क्या बांधकामात खोल गेले पाहिजेत, आणि पायांखाली रबर पॅड असले पाहिजेत, कारण तेथली कंपने भिंतीतून खोलीत आवाज होऊन येतात. युनिट समपातळीत बसवावे. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत तांब्याच्या नळ्या आणि ॲल्युमिनियमची पाती यांच्यात विद्युत-रासायनिक क्रिया होऊन ॲल्युमिनियम झिजते, म्हणून तेथे संरक्षक लेप दिलेला कंडेन्सर आणि गंजरोधक स्टँड घ्यावा. आणखी एक गोष्ट: उद्या पाती धुवायची असतील तर माणसाचा हात तेथवर सुरक्षितपणे पोहोचेल अशी जागा आजच निवडायला हवी.

नळ्या दोन असतात: बारीक नळी द्रवाची आणि जाड नळी वाफेची. बहुतेक स्प्लिट एसींमध्ये शीतकाचा दाब एकदम उतरवणारा भाग बाहेरच्याच युनिटमध्ये असतो. त्यामुळे बारीक नळीतून आत जाणारे शीतकही आधीच थंड झालेले असते. थंडावा देताना दोन्ही नळ्या गार असतात, आणि दोघींना वेगवेगळे आवरण लागते ते यामुळेच. उघड्या राहिलेल्या नळीवर हवेतील बाष्प साचून पाणी ठिबकते आणि भिंतीला ओल धरते, शिवाय खोलीसाठीचा गारवा वाटेतच सांडतो. नळी वाकवताना ती चेपली तर प्रवाह कोंडतो. युनिटमध्ये कारखान्यातून भरलेला गॅस ठरावीक लांबीच्या नळीपुरता असतो. त्याहून लांब नळी टाकली, तर प्रत्येक वाढीव मीटरमागे पुस्तिकेत सांगितलेले ग्रॅम तराजूवर तोलून घालावे लागतात.

आता सांध्यांकडे येऊ. नळीचे टोक फुलवून तिची पेल्यासारखी कड तयार करतात. तिला फ्लेअर म्हणतात. कटरने कापलेल्या नळीच्या आतल्या बाजूस एक सूक्ष्म धार उरते. कुशल तंत्रज्ञ नळीचे तोंड खाली धरून रीमरने ती धार काढतो, म्हणजे तांब्याचा कीस आत न जाता खाली पडतो. मग नट आधी नळीवर चढवतो, कारण कड फुलल्यानंतर तो चढत नाही. टोक साच्यात धरून ४५ अंशांच्या शंकूने हळूहळू फुलवतो आणि तयार कड उजेडाकडे धरून फिरवून बघतो. ती सगळीकडे सारख्या रुंदीची, चकचकीत, चिरेशिवाय आणि ओरखड्याशिवाय असावी लागते. कडेच्या पाठीला कॉम्प्रेसर-तेलाचा थेंब लावून नट प्रथम बोटांनीच काही आटे फिरवला जातो, आणि मग दोन पाने लावून आवळला जातो. पाव इंची नळीला साधारण १६ न्यूटन-मीटर आणि अर्धा इंची नळीला ५५ न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ पुरतो. तांबे मऊ असते. जोर कमी पडला तर गॅस झिरपतो, जास्त झाला तर कड पातळ होऊन पुढे कधीतरी फाटते. ठरलेल्या पिळाइतकाच नट आवळू देणारा टॉर्क पाना वापरणे हा चोखंदळपणा नसून कामाचा भागच आहे.

आमच्या घरच्या एसीत सलग तीन उन्हाळे गॅस भरावा लागला आणि दर वेळी ‘गॅस संपला’ एवढेच कारण मिळाले. चौथ्या वर्षी एका तरुण तंत्रज्ञाने साबणाचा फेस लावून पाहिले, तेव्हा जाड नळीच्या नटाशी मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक फुगत होते. नट उघडल्यावर कडेवर केसाएवढा ओरखडा दिसला. बंद मंडलातील शीतक पेट्रोलसारखे खर्च होत नाही. ते कमी झाले असेल तर कोठेतरी वाट फुटलेली असते. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे आहे.

सांधे झाल्यावर नळ्यांत कोरडा नायट्रोजन भरून दाब तपासतात. आर-३२ या शीतकाच्या यंत्रांत तो ४० बारपर्यंत, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे चाळीस पट नेला जातो. येथे एक बारकावा आहे. दाब तपमानाबरोबर हलतो, त्यामुळे परीक्षा चालू असताना हवा दहा अंशांनी गार झाली तर ४० बारचा काटा गळती नसतानाही सुमारे १.३ बारने उतरतो. तपमान नोंदले नसेल तर हा फरक फसवतो. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन मात्र कधीही वापरू नये, कारण दाबाखालील ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचे तेल एकत्र आले की स्फोट होतो.

त्यानंतरचा टप्पा सर्वांत जास्त वेळा वगळला जातो, आणि तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नळ्यांतील हवा आणि ओल काढण्यासाठी व्हॅक्यूम पंप लावून दाब ५०० मायक्रॉनच्या खाली न्यायचा असतो. येथे मायक्रॉन म्हणजे पाऱ्याच्या स्तंभाच्या मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि आपल्याभोवतीच्या हवेचा दाब असतो ७,६०,००० मायक्रॉन. इतके खोल जाण्याचे कारण पाणी आहे. २५ अंशांना पाणी उकळायला दाब सुमारे २४,००० मायक्रॉनपर्यंत उतरावा लागतो. त्याखाली नळीला चिकटलेली ओल आपोआप वाफ होते आणि पंप ती ओढून घेतो. पण ५०० मायक्रॉनला पाण्याचा एकच थेंब पसरून सुमारे शंभर लिटर वाफ होतो, आणि तेवढी वाफ ओढायला वेळ लागतो. पाच मिनिटांत पंप बंद करणारा माणूस हवा बहुतेक काढतो, ओल मात्र आत ठेवतो. नेहमीच्या गेजचा काटा ५,००० आणि ५०० मायक्रॉनमधील फरक दाखवू शकत नाही. त्यासाठी वेगळे व्हॅक्यूम गेज लागते. पंप थांबवून काही मिनिटे त्या गेजकडे पाहिले की यंत्र स्वतःच हकिगत सांगते: दाब थोडा वाढून स्थिरावला तर ओल उरली आहे, आणि वाढतच राहिला तर सांधा गळतो आहे.

पंप न लावता युनिटमधलाच थोडा गॅस सोडून हवा ढकलून देण्याची पद्धत अजूनही दिसते. राहिलेली हवा कंडेन्सरमध्ये द्रव होत नाही. ती तेथे साचते, डाल्टनच्या नियमाप्रमाणे तिचा दाब शीतकाच्या दाबात मिळतो आणि कॉम्प्रेसरला कायमचे जास्त कष्ट पडतात. ओलीचे नुकसान आणखी हळू आणि खोल असते. आजच्या शीतकांबरोबर बहुधा पॉलिऑल एस्टर जातीचे तेल वापरतात. हे तेल हवेतील ओलावा भराभर शोषते, पाण्याशी विक्रिया होऊन त्यातून आम्ल तयार होते, आणि ते आम्ल मोटरच्या वेटोळ्यांवरील आवरण खात राहते. कॉम्प्रेसर जळतो तो दोन-तीन वर्षांनी, आणि तोवर त्या दिवशीची घाई कोणाच्या लक्षात नसते.

शिवाय सोडून दिलेला गॅस जातो कोठे, हाही प्रश्न आहे. आर-२२ हे जुने शीतक ओझोनच्या थराला मारक असल्याने १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार मागे पडत गेले. त्याच्या जागी आलेला आर-४१०ए ओझोनला धोका करत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशोबात एक किलो आर-४१०ए सुमारे २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता वातावरणात अडवतो. आर-३२ चा आकडा ६७५ आहे. अशा वायूंचा वापर उतरवत नेण्याचे २०१६ साली किगाली येथे ठरले. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे आणि प्रोपेन म्हणजे आर-२९० तर चांगलाच ज्वलनशील, म्हणून बंद जागेत गॅस सोडणे किंवा आत गॅस असताना झाळकाम करणे जिवावर बेतू शकते.

व्हॅक्यूम टिकल्याची खात्री झाली, की बाहेरच्या युनिटचे दोन्ही व्हॉल्व्ह ॲलन कीने पूर्ण उघडतात आणि कारखान्यातून आत बंद करून आलेला गॅस प्रथमच संपूर्ण मंडलात पसरतो. एक बारीक सळसळ ऐकू येते आणि थांबते. त्यानंतर व्हॉल्व्हची टोपणे घट्ट बसवून सांध्यांना पुन्हा फेस लावायचा आणि एसी चालू करायचा. वीसेक मिनिटांनी आतील युनिटमध्ये शिरणाऱ्या आणि त्यातून निघणाऱ्या हवेचे तपमान मोजले, तर साधारण आठ ते बारा अंशांचा फरक मिळतो. बाहेर जाऊन पाहिले, तर पंख्यासमोर गरम झोत लागतो आणि मागच्या पात्यांपाशी धरलेल्या हाताला मात्र बाहेरच्या हवेइतकीच हवा आत जाताना जाणवते.