चित्र गेलं, आवाज राहिला : ‘डॉक्टर हू’च्या श्रुतिकांमागचा इतिहास

जुलै २०२५मध्ये जोडी व्हिटेकर पुन्हा एकदा ‘डॉक्टर’ झाली, या वेळी माइकसमोर. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानमालिकेतली तेरावी डॉक्टर म्हणून तिने ऑक्टोबर २०२२मध्ये टीव्हीचा निरोप घेतला होता. आता ‘बिग फिनिश’ या कंपनीने तिला घेऊन नव्या श्रुतिका काढल्या, आणि डॉक्टरची सोबतीण यास्मिन खान (लाडाने ‘यास’) हिच्या भूमिकेत मनदीप गिलही परत आली. घोषणा झाली त्या दिवसापासून चाहत्यांची जी चर्चा सुरू झाली, ती नवख्या माणसाच्या डोक्यावरून जावी अशीच होती. ही गोष्ट टीव्हीवरच्या कुठल्या भागानंतर घडते? डॉक्टर आणि यास यांच्यातलं जे प्रेम ओठांवर येऊन राहिलं, ते इथे पुढे सरकेल का? आणि कळीचा मुद्दा म्हणजे, ही गोष्ट ‘खरी’, म्हणजे टीव्हीवरच्या कथेचाच भाग, धरायची का? टीव्ही मालिकेवरच्या एका श्रुतिकेबद्दल लोक इतक्या पोटतिडकीने का बोलतात, हे समजून घ्यायचं तर साठ वर्षं मागे जावं लागतं.

‘डॉक्टर हू’चा पहिला भाग बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी लागला. निळ्या पोलिस-खोक्यासारख्या दिसणाऱ्या ‘टार्डिस’ यानातून काळात आणि अवकाशात भटकणारा एक परग्रहवासी, ही कल्पना. मरणाच्या दारात पोहोचला की त्याचं शरीर बदलतं आणि भूमिका नव्या नटाकडे जाते. ही पळवाट सापडली म्हणून मालिका इतकी टिकली. पहिल्या कथेचे दिग्दर्शक होते वारिस हुसेन. वय २४, जन्म लखनौचा, बालपण बरंचसं मुंबईत गेलेलं. आपल्याकडे हे फारसं कुणाला माहीत नसतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

या मालिकेजवळ पैसा कमी होता आणि आवाज मात्र अफाट होते. बीबीसीच्या ‘रेडिओफोनिक वर्कशॉप’मध्ये डेलिया डर्बीशायर यांनी रॉन ग्रेनर यांच्या सुरावटीवरून शीर्षकसंगीत तयार केलं. तेव्हा सिंथेसायझर बाजारात नव्हते. एकेक स्वर वेगळा ध्वनिमुद्रित करायचा, टेप मोजून कापायची, जोडायची आणि वेग कमीजास्त करून स्वराची उंची साधायची, असं ते काम होतं. टार्डिस उडते तेव्हाचा तो दम्याच्या धापेसारखा घरघराट ब्रायन हॉजसन यांचा. त्यांनी आईच्या घराची किल्ली एका जुन्या पियानोच्या तारांवरून खरवडली आणि तो आवाज टेपवर उलटसुलट फिरवला. डॅलेक या यंत्रात बसलेल्या शत्रूंचा कर्कश आवाज म्हणजे नटाचा आवाज ‘रिंग मॉड्युलेटर’ या आवाज यांत्रिक करणाऱ्या उपकरणातून काढलेला. डोळे मिटून बसलात तरी कोण आलं ते कळतं. पुढचं सगळं यामुळेच शक्य झालं, असं मला वाटतं.

मग आली ती जखम, जी चाहते आजही विसरलेले नाहीत. साठच्या दशकात व्हिडिओ टेप महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत होती. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे कार्यक्रम पुन:पुन्हा दाखवता येत नसे. घरी बसून जुने भाग बघण्याची सोय कुणाच्या स्वप्नातही नव्हती. रंगीत टीव्ही आल्यावर तर कृष्णधवल भागांना कुणी विचारेना. तेव्हा बीबीसीने टेपा पुसल्या आणि फिल्मच्या प्रती फेकून दिल्या. हे सत्तरच्या दशकात बराच काळ चालू होतं. पहिल्या सहा वर्षांत २५३ भाग झाले. त्यांतले शंभराच्या आसपास भाग चित्ररूपात आज नाहीत.

आवाज मात्र प्रत्येक भागाचा आहे. तोही बीबीसीने जपलेला नव्हे, पोरांनी जपलेला. शनिवारी संध्याकाळी टीव्हीच्या स्पीकरसमोर माइक धरायचा, घरच्यांना गप्प बसवायचं आणि टेपरेकॉर्डरचं बटण दाबायचं. एखाद्या हुशार मुलाने थेट टीव्ही संचाच्या आत तार जोडून खणखणीत मुद्रण केलं. आठवडाभर तीच टेप पुन:पुन्हा ऐकायची, एवढाच त्यांचा हेतू. पुढे बीबीसीने हीच ध्वनिमुद्रणं स्वच्छ केली, मध्ये निवेदन घातलं आणि कॅसेट-सीडीवर काढली. हरवलेल्या भागांची जी अॅनिमेशन आज बघायला मिळतात, त्यांत पात्रं बोलतात तीही याच टेपांतून. म्हणजे या मालिकेचा चाहता अर्ध्या शतकापासून ‘डॉक्टर हू’ कानांनी बघत आला आहे.

अधिकृत श्रुतिकांचे प्रयत्न मधूनमधून झाले, पण ते तुटक. १९७६मध्ये चौथा डॉक्टर टॉम बेकर आणि त्याच्या सोबतिणीचं काम करणारी एलिझाबेथ स्लेडन यांच्या आवाजात एक कथा तबकडीवर आली. १९८५मध्ये बीबीसीने मालिका अठरा महिने थांबवली, तेव्हा सहावा डॉक्टर कॉलिन बेकरला घेऊन बीबीसीच्या रेडिओ फोरवर ‘स्लिपबॅक’ झाली. दहा-दहा मिनिटांचे सहा भाग. नव्वदच्या दशकात तिसरा डॉक्टर जॉन पर्टवी याच्या दोन कथा रेडिओवर आल्या. दुसरी १९९६च्या सुरुवातीला लागली आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो गेला.

खरी घडामोड चालली होती ती लोकांच्या घरांत. १९८४पासून काही तरुण चाहते ‘ऑडिओ व्हिज्युअल्स’ या नावाने स्वतःच श्रुतिका करू लागले. निक ब्रिग्ज डॉक्टर व्हायचा, गॅरी रसेल आणि त्याचे मित्र लिहायचे, आवाज द्यायचे, दिग्दर्शन करायचे. कॅसेट टपालाने जायच्या आणि नफा घ्यायचा नाही हा नियम. परवानगी कुणाची नव्हती. मालिकेवरचं प्रेम आणि घरातली टेपयंत्रं एवढंच भांडवल. दहावी-बारावीच्या वयातली आपली नाटकवेडी पोरं गणपतीच्या मांडवात एकांकिका बसवतात, त्याच जिद्दीने ते हे करत होते.

६ डिसेंबर १९८९ला टीव्हीवरची मालिका बंद पडली. १९९६मध्ये अमेरिकेच्या मदतीने पॉल मॅकगॅनला आठवा डॉक्टर करून एक टीव्हीपट झाला, पण पुढे काही हललं नाही. नेमक्या त्याच काळात जेसन हे-एलरी आणि गॅरी रसेल यांनी ‘बिग फिनिश’ उभी केली. बीबीसीने ‘डॉक्टर हू’चा परवाना सुरुवातीला दिला नाही. मग त्यांनी ‘डॉक्टर हू’च्याच कादंबऱ्यांतलं एक पात्र, पुरातत्त्वज्ञ बर्निस समरफील्ड, घेऊन १९९८मध्ये श्रुतिका काढल्या आणि आपण हे नीट करू शकतो हे दाखवून दिलं. परवाना मिळाला. जुलै १९९९मध्ये पहिली श्रुतिका आली, ‘द सायरन्स ऑफ टाइम’. लेखक निक ब्रिग्ज, आणि एकाच कथेत पीटर डेव्हिसन, कॉलिन बेकर, सिल्व्हेस्टर मकॉय असे तीन डॉक्टर. कॅसेटवरच्या हौशी डॉक्टरने खऱ्या डॉक्टरांसाठी संवाद लिहिले.

कॉलिन बेकरबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. १९८६मध्ये बीबीसीने त्याला भूमिकेवरून काढलं होतं. ढिसाळ पटकथा आणि अंगावर ठिगळांचा भडक कोट यांमुळे लोक त्याला सर्वांत वाईट डॉक्टर म्हणत. श्रुतिकेत कोट दिसत नाही. उरतो आवाज, आणि आवाज त्याचा भरदार होता. २०००मध्ये त्याला नवी सोबतीण मिळाली, एव्हलिन स्माइथ, पंचावन्न वर्षांची इतिहासाची प्राध्यापिका. अशी सोबतीण टीव्हीने कधी दिली नव्हती. मॅगी स्टेबल्स तिचं बोलणं असं करायची की ही बाई कोको आणि चॉकलेट केक घेऊन टार्डिसमध्ये घर मांडून बसली आहे, असंच वाटावं. डॉक्टर तिच्यासमोर आवाज चढवायचा आणि मग वरमायचा. या दोघांच्या कथा ऐकून चाहत्यांनी कॉलिन बेकरबद्दलचं मत उघडपणे बदललं. नटाला पंधरा वर्षांनी न्याय मिळावा, असं क्वचित घडतं.

जानेवारी २००१मध्ये पॉल मॅकगॅन आला. टीव्हीवर त्याला एकच रात्र मिळाली होती. ‘स्टॉर्म वॉर्निंग’ ही त्याची पहिली श्रुतिका ‘आर १०१’ या ब्रिटिश हवाई जहाजावर घडते. हे जहाज ऑक्टोबर १९३०मध्ये इंग्लंडहून कराचीला निघालं होतं (कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती) आणि फ्रान्समध्ये कोसळलं. जहाजावरच्या ५४ जणांपैकी ४८ मेले. कथेत चार्ली पोलार्ड नावाची मुलगी वेषांतर करून त्यावर चढलेली असते. डॉक्टर तिला वाचवतो आणि मग त्याच्या लक्षात येतं की ती तिथे मरायला हवी होती. एक जीव वाचवल्याने काळाची वीण उसवू लागते. हा धागा पुढे २००३पर्यंत चालला.

श्रुतिका हा प्रकार आपल्याला परका नाही. मुंबई आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी कुणी पाहिले होते? तरी ते घरचेच होते. पण विज्ञानकथा कानांवर रचणं अवघड, कारण ऐकणाऱ्याने पूर्वी न पाहिलेली वस्तू त्याच्यासमोर उभी करायची असते. कच्चा लेखक पात्राच्या तोंडी ‘अरे, तुझ्या हातात पिस्तूल आहे!’ असलं वाक्य घालतो. पक्का लेखक आवाजालाच कथेचा खांब करतो. रॉब शिअरमनची ‘द चाइम्स ऑफ मिडनाइट’ (२००२) हे त्याचं उदाहरण. १९०६च्या नाताळची आदली रात्र, एका श्रीमंत घराचं तळघर, नोकरमंडळी आणि एक घड्याळ. टोले पडले की कुणीतरी मरतं. मग नुसती टिकटिक ऐकूनसुद्धा अंगावर काटा येतो. कुणाला एकच श्रुतिका सुचवायची झाली तर मी हीच सुचवतो.

२००५मध्ये मालिका टीव्हीवर परतली तेव्हा श्रुतिकांचा वाटा तिच्यात होताच. शिअरमनच्या ‘जुबिली’ या श्रुतिकेच्या कल्पनेवरून त्यानेच टीव्हीसाठी ‘डॅलेक’ हा भाग लिहिला. डॅलेकांचा आवाज तेव्हापासून निक ब्रिग्जचा. दहावा डॉक्टर डेव्हिड टेनंट मुळात चाहता. त्याने टीव्हीच्या चार वर्षं आधी ‘कोल्डिट्झ’ या श्रुतिकेत नाझी सैनिकाचं काम केलं होतं.

आता तो ‘खरी की नाही’चा वाद. बीबीसीने कुठलं लेखन अधिकृत आणि कुठलं नाही याचा निवाडा कधी दिलेला नाही. त्यामुळे श्रुतिका ऐकणाऱ्यांना ‘हे काही खरं नाही’ असं वर्षानुवर्षं ऐकावं लागलं. १४ नोव्हेंबर २०१३ रोजी, मालिकेला पन्नास वर्षं होताना, बीबीसीने कसलीही पूर्वसूचना न देता सात मिनिटांचा एक छोटा भाग इंटरनेटवर टाकला. त्यात सतरा वर्षांनी मॅकगॅन दिसला. मरायला टेकलेला आठवा डॉक्टर हातातला पेला ओठाला लावण्याआधी आपल्या सोबत्यांची नावं घेतो आणि त्यांना निरोप देतो. चार्ली, क्रिझ, लूसी, टॅमसिन, मॉली. यांतलं एकही पात्र टीव्हीवर कधी आलेलं नव्हतं. पाचही जण श्रुतिकांतले. बारा वर्षं हेडफोन लावून ऐकणाऱ्यांना त्या क्षणी काय वाटलं असेल! मी तो भाग लागोपाठ तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा त्या नावांपाशी घसा दाटला.

त्यानंतर परवान्याची हद्द वाढली आणि २००५नंतरच्या टीव्ही मालिकेतले डॉक्टरही ‘बिग फिनिश’ला घेता आले. २०१५च्या अखेरीस जॉन हर्टच्या ‘वॉर डॉक्टर’च्या (डॉक्टरचाच युद्धात लढलेला अवतार) श्रुतिका सुरू झाल्या, जानेवारी २०१७मध्ये तो वारला, म्हणून त्या आणखी मोलाच्या. २०१६मध्ये टेनंट आणि त्याच्या टीव्हीवरच्या सोबतिणीचं काम केलेली कॅथरिन टेट एकत्र आले. आणि २०२१मध्ये नववा डॉक्टर ख्रिस्तोफर एकल्स्टन. २००५च्या एकाच हंगामानंतर तो मालिका सोडून गेला होता आणि परतायला तयार नव्हता. ‘रॅव्हेजर्स’ आली तेव्हा सोळा वर्षांची वाट संपली. त्याच सुमारास कोविडच्या टाळेबंदीत नट घरच्या कपाटांत, गोधड्यांच्या आडोशाने ध्वनिमुद्रण करत होते.

तक्रारीही आहेत आणि त्या खऱ्या आहेत. दर महिन्याला एक कथा देणारी मूळ मालिका मार्च २०२१मध्ये २७५व्या श्रुतिकेवर थांबली आणि भर बॉक्स सेटवर, म्हणजे अनेक कथांच्या एकत्र संचावर आला. एक सुटी कथा घेऊन बघावी ही सोय कमी झाली. विद्यार्थ्याच्या खिशाला ते जड जातं, आणि रुपयांत हिशेब करणाऱ्या आपल्याकडच्या ऐकणाऱ्यांना तर जास्तच. व्हिटेकरच्या कथा सुट्या, तासाभराच्या निघाल्या, याचं म्हणूनच स्वागत झालं.

३१ मे २०२५ला टीव्हीवरचा हंगाम संपला. ऑक्टोबरमध्ये बीबीसीने सांगितलं की डिस्नेबरोबरची भागीदारी पुढे चालणार नाही आणि पुढचा भाग २०२६च्या नाताळात येईल. म्हणजे पुन्हा साधारण दीड वर्षाचा खंड, १९८५इतकाच. तेव्हा चाहत्यांच्या वाट्याला एक तासाची ‘स्लिपबॅक’ आली होती. या वेळी यास आणि तिची डॉक्टर एकामागून एक कथांत बोलत आहेत, आणि प्रत्येक कथा आली की चाहते ती कुठल्या भागानंतर बसते याचा हिशेब मांडतात.