बदकं अंडी देत नाहीत? आधी खुराड्याचं दार नऊपर्यंत बंद ठेवा

आमच्याकडून बदकं नेलेल्यांचा काही दिवसांनी हमखास फोन येतो: "माद्या वयात आल्यात, खाणं चोख आहे, पण अंडं काही दिसत नाही." आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. सकाळी कधी सोडता? बहुतेकांचं उत्तर एकच, उजाडलं की.

अंडी जातात ती इथेच. बदकाची मादी पहाटे अंडं घालते. कोंबडीची अंडी दुपारपर्यंत येत राहतात, बदकांची बहुतेक सकाळी आठ-नऊच्या आत घालून होतात. त्याआधी दार उघडलं की मादी तशीच बाहेर पडते आणि अंडं पाण्यात, गवतात नाहीतर चालता चालता वाटेवर टाकते. ताजं अंडं पाण्यात बुडतं, त्यामुळे तुम्हाला पत्ताही लागत नाही. गवतातलं कावळे आणि उंदीर पळवतात.

म्हणून नऊ वाजेपर्यंत दार उघडू नका. आमच्याकडे सकाळी आलेले ग्राहक विचारतात, "बिचाऱ्यांना कोंडून का ठेवलंय?" आत हवा खेळती असेल, दाटी नसेल आणि नाकपुड्या बुडतील एवढं खोल पाणी भांड्यात असेल, तर बदकांना त्याचा काही त्रास होत नाही. अंडी देत नाही म्हणून मादी परत करायची असेल, तर आधी आठवडाभर एवढं करून बघा, ही आमची अट आहे. काहींना ती जाचक वाटते. पण जागा बदलली की बदक बावरतं आणि अंडी थांबवतं, त्यामुळे उगाच ने-आण केल्यास चांगली मादीही काही दिवस वाया जाते.

आता जागेविषयी. मस्कोव्ही ही जात सोडल्यास पाळीव बदकं मॅलार्ड या रानबदकाच्या वंशातली. तो पक्षी सहसा जमिनीवरच, झुडपाच्या आडोशाला घरटं करतो. त्यामुळे कोंबड्यांसाठी भिंतीला टांगलेली खोकी यांच्या कामाची नाहीत. साधारण 30 सेंटिमीटर रुंद, तेवढीच उंच आणि 45 सेंटिमीटर खोल पेटी जमिनीवर, सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. तीन-चार माद्यांना एक पुरते. पुढे बुटकी फळी हवी, म्हणजे पेंढा बाहेर येत नाही. आम्ही बनवतो त्या पेट्या याच मापाच्या आहेत, पण घरी केलेलीही चालेल.

मादी चोचीने पेंढा भोवती ओढून घेते, छातीने दाबून खळगा करते आणि उठताना अंड्यावर पेंढा पसरून जाते. तेव्हा पेटी रिकामी दिसली तरी हात घालून चाचपा! सुरुवातीला पेटीत एखादं खोटं अंडं ठेवलं की नव्या माद्यांना जागा कळते.

अंड्यांसाठी नर लागत नाही, पिल्लांसाठी लागतो. पिसं झडताना आणि दिवस लहान झाल्यावर अंडी कमी होतात, ती मादीची खोट नाही.

पिल्लं हवी असतील तर जात बघून घ्या. चांगली सांभाळलेली खाकी कॅम्पबेल वर्षाला 250 ते 300 अंडी देते, पण ती क्वचितच खुडूक होते, म्हणजे अंडी उबवायला बसते. मस्कोव्ही अंडी कमी देते, मात्र बसते पक्की. तिच्या अंड्यांना 35 दिवस लागतात, इतर बदकांच्या 28. मादी रोज एक अंडं घालत जाते आणि पुरेशी झाल्यावरच बसते, म्हणजे पिल्लं एकदम निघतात. तोवर अंडी गार लागली म्हणून फेकू नका, धुऊ तर मुळीच नका. बसलेली मादी मधेच उठून पाण्यात डुबकी मारून ओल्या अंगाने परतली तर घाबरू नका, तो ओलावा अंड्यांना हवाच असतो.

उबवणीची अंडी आम्ही आठवड्यापेक्षा जास्त ठेवत नाही, कारण त्यानंतर पिल्लं कमी निघतात. त्यामुळे आधी सांगून ठेवा आणि मादी पक्की बसली की मगच न्यायला या.