एक वर्ग, अनेक घरं: एकत्र शिकण्यामागचा इतिहास

श्रीमंत आणि गरीब घरांतली मुलं एकाच वर्गात शिकावीत ही अपेक्षा शाळेइतकी जुनी नाही. इंग्लंडमध्ये टॉन्टन आयोगाने १८६८ साली माध्यमिक शाळांच्या उघडपणे तीन श्रेणी सुचवल्या. मूल १४, १६ की १८-१९ वर्षांपर्यंत शिकणार, यावर श्रेणी ठरणार होती आणि ते वय बापाच्या ऐपतीवर ठरत होतं.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षण मंडळाचे पहिले सचिव होरेस मॅन १८३७ पासून याच्या उलट मांडत होते: करातून चालणारी, सगळ्यांसाठी एकच शाळा. आपल्याकडे महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे करांचाच हिशेब मांडला. महसूल कष्टकरी रयत भरते आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो, हे त्यांचं म्हणणं.

विसाव्या शतकात अनेक देशांत शाळेचं दार उघडलं, पण वाटणी आत शिरली. सहा लाखांवर विद्यार्थ्यांची पाहणी करणाऱ्या १९६६ च्या अमेरिकेतल्या कोलमन अहवालाने दाखवलं, की गुणांमधला फरक शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीशी अधिक जोडलेला आहे, आणि सोबतचे विद्यार्थी कोण आहेत यालाही महत्त्व आहे. तरीही शाळा ‘हुशार’ आणि ‘कच्च्या’ तुकड्या पाडतच राहिल्या. कच्च्या तुकडीत गरीब घरांतली मुलं जास्त असतात आणि त्यांना अभ्यासही उथळ मिळतो, हे अमेरिकी शिक्षण-अभ्यासक जेनी ओक्स यांनी १९८५ मध्ये सविस्तर नोंदवलं. फिनलंडने १९७२ पासून उत्तरेकडून सुरुवात करत सर्वांसाठी एकच शाळा आणली, पण गणित आणि परकीय भाषांच्या पातळीनुसार पाडलेल्या तुकड्या बंद व्हायला १९८५ उजाडलं.

तुकड्या मोडल्या तरी गट उरतातच. माझ्या मते या इतिहासातलं सर्वांत उपयोगी काम या गटांवरचं आहे, आणि ते अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या समाजशास्त्रज्ञ एलिझाबेथ कोहेन यांचं. गटात काम दिलं की वर्गात ज्याचं वजन आहे तोच मुलगा बोलतो आणि साहित्यही त्याच्याच हातात राहतं. बाकीचे गप्प बसतात, म्हणून कमी शिकतात. कोहेन यांनी सुचवलेला उपाय शिक्षकाच्या हातातला आहे. वाचन-लेखनापलीकडची कौशल्यं लागतील असं काम द्यायचं, आणि मागे पडलेल्या मुलाने खरोखर काही चांगलं केलं की नेमकं काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. ही पोकळ शाबासकी नव्हे. ते मूल काय करू शकतं, हे इतरांच्या लक्षात यावं म्हणून ते सांगायचं.

भारतात कोठारी आयोगाने (१९६४-६६) समान शाळेची शिफारस केली, ती अमलात आली नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १२(१)(सी) ने खाजगी विनाअनुदानित शाळांत पहिलीच्या प्रवेशांत किमान २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांना दिल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ही तरतूद उचलून धरली. आपल्या मुलांचा अभ्यास खालावेल ही पालकांची भीती तेव्हापासून ऐकू येते. दिल्लीतल्या खाजगी शाळांवरचा अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब वर्गमित्र लाभलेली श्रीमंत मुलं अधिक उदार झाली आणि गरिबांशी कमी भेदभाव करू लागली, असं त्यात आढळलं. गणित आणि हिंदीच्या गुणांवर परिणाम दिसला नाही, इंग्रजीत किंचित घट दिसली.

या कायद्याचा आधार मात्र आठवीपर्यंतच आहे. त्याच शाळेत नववीत जायचं तर शुल्क कोणी भरायचं, हे त्यात लिहिलेलं नाही.