डीम्ड कन्व्हेयन्स: वकील कशासाठी, कागद कोणते आणि अर्ज नेमका कुठे अडतो

सोसायटी नोंदवून पंचवीस वर्षं झाली, लिफ्टसुद्धा एकदा बदलून झाली, पण इमारतीखालची जमीन अजून बिल्डरच्या नाहीतर मूळ मालकाच्या नावावर. पुनर्विकासाचं बोलणं निघालं की कुणीतरी प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे जमिनीच्या मालकीचं सरकारी मालमत्ता पत्रक, काढून आणतं आणि मग धावपळ सुरू होते. बिल्डर सही देत नसेल, सापडत नसेल किंवा हयातच नसेल, तर १९६३च्या मोफा (महाराष्ट्रातल्या मालकी हक्काच्या फ्लॅटच्या) कायद्याच्या कलम ११खाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून एकतर्फी मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय जमीन सोसायटीच्या नावे, मिळवता येतं. हीच ती डीम्ड कन्व्हेयन्स.

सगळ्यांत आधी मुदतीचा घोळ. नियमात 'चार महिने' असं वाचून कित्येक कमिट्या हात टेकतात, की आपली मुदत केव्हाच संपली. अहो, ते चार महिने बिल्डरचे आहेत. करारात दुसरी मुदत ठरलेली नसेल, तर सोसायटी नोंदल्यापासून तेवढ्या काळात त्याने जमीन तुमच्या नावे करून द्यायची असते. त्याने ते केलं नाही म्हणूनच तुम्ही अर्ज करताय. तीस वर्षं जुन्या सोसायटीलाही तो करता येतो. अर्जावर सहा महिन्यांत निर्णय द्यायचा, असं कायदा सांगतो; पण सहा महिने झाले म्हणजे आपोआप मंजुरी मिळाली, असं होत नाही. तारखांना हजर राहावंच लागतं.

वकील लागतोच का? सक्ती नाही. सर्वसाधारण सभेच्या ठरावाने अधिकार दिलेला पदाधिकारी सुनावणीला उभा राहू शकतो. एकच प्लॉट, एकच इमारत आणि कागद जागेवर असतील, तर मेहनती सेक्रेटरी बरंच काही स्वतः करू शकतो. मूळ मालकाचे वारस भांडत असतील, दोन-तीन सर्व्हे नंबर असतील किंवा एका लेआउटमध्ये अनेक इमारती असतील, तर मात्र मालमत्तेची कामं नेहमी करणारा वकील घ्याच. त्याचं खरं काम दोन ठिकाणी आहे: तीस वर्षांचा टायटल सर्च (जमिनीच्या मालकीच्या नोंदींचा शोध) आणि जमीन नावे करून देणाऱ्या दस्ताचा मसुदा. बिल्डरच्या वकिलाकडे हे काम चुकूनही देऊ नका, मग तो कितीही स्वस्त पडो.

फी ठरवताना एकच प्रश्न लेखी विचारा: ही फी आदेशापर्यंतची, की प्रॉपर्टी कार्डावर नाव चढेपर्यंतची? पुष्कळांची फी आदेशाशी संपते आणि कमिटीला वाटतं, काम झालं. 'ऑफिसचा खर्च' म्हणून कुणी ठोक रक्कम मागितली, तर कशाकशाचा ते विचारा. डीम्ड कन्व्हेयन्सच्या अर्जावर (नमुना ७) २,००० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. बाकी प्रत्येक सरकारी भरण्याची पावती मिळते, ती मागून घ्या.

आता कागद. नोंदणी प्रमाणपत्र, ठराव, सभासदांची यादी, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशा हे सहसा मिळून जातं. अर्जाआधी बिल्डरला कायदेशीर नोटीस द्यावी लागते. ती स्पीड पोस्टाने, नोंदणी करून पाठवा आणि परत आलेलं पाकीट फोडू नका. 'पत्ता सोडून गेले' हा पोस्टमनचा शेरा असलेलं बंद पाकीट हा तुमचा पुरावा असतो. मी एका सेक्रेटरींना ते उत्साहाने फोडून पाकीट टाकून देताना पाहिलंय. नोटीस पुन्हा पाठवण्यात दीड महिना गेला.

भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) नाही म्हणून अर्जच न करणाऱ्या सोसायट्या अजून भेटतात, तेव्हा फार वाईट वाटतं. २०१८च्या शासन निर्णयानंतर ओसी नसेल तर स्वयंघोषणापत्र चालतं. खिडकीवर कुणी 'ओसीशिवाय घेत नाही' म्हणालं, तर तो शासन निर्णय समोर ठेवा आणि लेखी उत्तर मागा. तोंडी नकारावर घरी परतू नका.

सर्वांत जास्त अर्ज दोन जागी रखडतात. पहिली जागा क्षेत्रफळाची. करारात एक आकडा, नकाशात दुसरा, सातबारावर तिसरा. अर्जात कुठलाही एक टाकून दिला की बिल्डरची हरकत येते. आर्किटेक्टचं प्रमाणपत्र आधी घ्या; एकाच प्लॉटवर अनेक इमारती असतील, तर तुमच्या वाट्याचं क्षेत्र कसं काढलं ते त्यात सविस्तर हवं.

दुसरी जागा सभासदांच्या करारांची. आदेशानंतर दस्त मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे शुल्क किती लागेल ते ठरवायला, जातो आणि तिथे प्रत्येक फ्लॅटचं मुद्रांक शुल्क तपासतात. ते आधी पूर्ण भरलेलं असेल, तर पुन्हा तेवढंच मागत नाहीत. कमी भरलेलं असेल, तर फरक आणि त्यावर दरमहा २ टक्के दंड. १० डिसेंबर १९८५पूर्वीचे करार जुन्या, किरकोळ स्टॅम्पवर झालेले असतात, त्यांची गोष्ट वेगळी. त्या फ्लॅटच्या वाट्याचं शुल्क आता भरावं लागू शकतं. म्हणून अर्जाच्याही आधी एक वही करा: फ्लॅट नंबर, कराराची तारीख, भरलेलं शुल्क, इंडेक्स टू (करार नोंदवल्याचा सरकारी उतारा) आहे की नाही. मूळ करार बँकेत तारण असेल किंवा हरवला असेल, तर नोंदणीकृत कराराची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधकांकडून मिळते. एकट्या राहणाऱ्या वयस्क सभासदांकडे नोटीस चिकटवू नका. कुणीतरी जाऊन त्यांच्यासोबत कपाट शोधा. आमच्या एका आजींचा करार देवघराखालच्या ड्रॉवरमध्ये, लाइट बिलांच्या गठ्ठ्यात सापडला.

अभिनिर्णय झाला की दुय्यम निबंधकांकडे दस्त नोंदवायचा. त्यानंतर नगर भूमापन कार्यालयात, आणि प्रॉपर्टी कार्ड नसलेल्या भागात तलाठ्याकडे, फेरफाराचा (मालकाचं नाव बदलण्याचा) अर्ज द्यायचा. हा शेवटचा अर्ज राहून गेलेल्या सोसायट्या कमी नाहीत. नोंदवलेला दस्त कपाटात आणि कार्डावर नाव अजून बिल्डरचंच. नवीन उतारा हातात आला की सोसायटीच्या नावाचं स्पेलिंग आणि क्षेत्र दस्ताशी ताडून पाहा, आणि चूक दिसली तर त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज द्या.