बीपीचं मशीन बदलायला आणण्याआधी दुसरा हात मोजा
टाकायासू आर्टेरायटिसच्या रुग्णांसाठी आणि घरच्यांसाठी

“डाव्या हाताला ९०, उजव्याला १५०. मशीन बिघडलंय, बदलून द्या.” चिपळूणच्या आमच्या औषध दुकानाच्या काउंटरवर हे वारंवार ऐकू येतं. तपासून पाहिलं तर मशीन बहुधा ठीकच असतं. या आजारात महारोहिणी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) आणि तिच्यातून फुटणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना सूज येते, आतली वाट अरुंद होते. हाताकडची वाहिनी आवळली की त्या हाताचं बीपी कमी भरतं, कधी नाडीही लागत नाही. १९०८ साली मिकितो टाकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञाने एका तरुणीच्या डोळ्यातल्या रक्तवाहिन्या वेगळ्या दिसतात हे मांडलं, त्यावरून आजाराचं नाव पडलं. आजही रुग्णांत तरुण बायकाच जास्त.

नुसता फरक असणं ही अडचण नाही. कमी भरणारा हात मोजायचा आणि ‘बीपी छान आहे’ म्हणून वहीत लिहायचं, घात होतो तो इथे. खरं बीपी चढलेलं राहतं आणि मेंदूत रक्तस्रावाचा धोका वाढतो. दोन्ही हात मोजा, दोन्ही आकडे लिहा, जास्त भरणारा हात धरून चाला. दोन्ही हातांच्या वाहिन्या अरुंद असतील तर पायाचं बीपी लागतं. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर मांडीला गुंडाळायचा मोठा पट्टा (कफ) आम्ही मागवून देतो.

मेंदूकडच्या वाहिन्या अरुंद झाल्या की घेरी येते, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, डोकं दुखतं. काहींना विहिरीचं पाणी शेंदताना किंवा नारळ खोवताना घेरी येते, कारण राबणारा हात मेंदूच्या वाटचं रक्त ओढून घेतो. ‘पित्त झालं असेल, एक गोळी द्या’ असं कुणी म्हणालं तर या रुग्णांना आम्ही गोळी देत नाही, डॉक्टरांकडे पाठवतो. काहींना राग येतो, तरी आमचा नियम तोच राहील.

तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, जीभ जड झाली, तर तो पक्षाघात असू शकतो; दहा मिनिटांत बरं वाटलं तरी थांबू नका, हॉस्पिटल गाठा. मेंदूच्या वाहिनीतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन चालण्यासारखं असेल तर ते साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि आपल्याकडे त्यातला बराच वेळ रस्त्यात जातो. इंजेक्शनआधी सीटी स्कॅन लागतं; रात्री ते कुठे चालू असतं, हे आजच विचारून ठेवा.

वाहिन्यांची सूज कमी करणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या बरं वाटलं म्हणून एकदम सोडू नका. चिठ्ठीशिवाय आम्ही त्या देतही नाही.

मशीन घ्यायला रुग्णालाच घेऊन या. पाच मिनिटं बसवून दोन्ही हात मोजतो, दंडाला बसेल तो कफ बघून देतो आणि आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून देतो.